तळ्याकडे तोंड केलेला डबा

ताइस्तो हुत्तुनेन माझ्या हाताखालून गेला. सातवी ते नववी, गणित आणि पदार्थविज्ञान. हुशार नव्हता, ढही नव्हता. न विचारणाऱ्यांपैकी होता. असल्या मुलांपायी माझा जीव जळायचा. समजलं का म्हटलं की मान हलवायची, आणि पेपरात अर्ध्यावर येऊन बसून राहायचं. मी एकदा त्याला वर्गातच धरलं होतं. "अरे, अडलं तर हात वर करायला तुझं जातं काय?" तो खाली बघून म्हणाला, "बघतो, बाई." पुढे पन्नास वर्षं त्याचं हेच उत्तर होतं.

शाळा सुटल्यावर तो दक्षिणेला, कोत्का बंदरात गेला आणि तिथे पंचेचाळीस वर्षं क्रेन चालवली. जहाजावरून मालाचे खोलीएवढे पोलादी डबे उचलायचे, धक्क्यावर ठेवायचे. धक्क्यावरचे उचलायचे, जहाजात ठेवायचे. बोलायची गरज नसलेलं काम, त्याला मानवलं. लग्न मात्र आमच्या राहकेवारा गावातल्याच मुलीशी केलं. रायली ही तळ्यात घुसलेल्या भूशिराच्या टोकावरची, निएमी म्हणतात त्या घरातली. ती भरपूर बोलायची. दोघांच्या वाटचं बोलणं तीच उरकायची, आणि ताइस्तो शेजारी बसून ते आपलंच बोलणं असल्यासारखं ऐकायचा.

निवृत्त होऊन दोघं परत आली ती भूशिरावर राहायच्या इराद्याने. तिच्या वडिलांचं घर कधीच जळून गेलेलं. उरलं होतं दगडी धुराडं आणि होडी बांधायचा खुंट. तोवर गावात भाड्याच्या दोन खोल्या. पण घराचं काही ठरायच्या आत रायलीचं डोकं दगा देऊ लागलं. दुकानात एकाच आठवड्यात तिने मला तीनदा विचारलं, "अगंबाई, तुमचे केस पांढरे कधी झाले?" मी ताइस्तोला तिथेच, पैसे द्यायच्या रांगेत गाठलं.

"हिला डॉक्टरकडे ने. याच आठवड्यात ने."

"थकलीय ती."

"थकवा वेगळा, हे वेगळं. मी सांगते म्हणून ने."

रांगेत चार माणसं होती आणि चौघंही आपापल्या दुधाच्या पुड्यांवरची तारीख वाचू लागली. ताइस्तोचे कान लाल झाले. "तुम्हाला कुणी विचारलं का, बाई? शाळा बंद झाली ना तुमची?"

शाळा खरंच बंद झाली होती. मुलंच उरली नव्हती गावात. त्यानंतर दीड वर्ष तो माझ्याशी बोलला नाही. रायलीला डॉक्टरकडे न्यायलाही त्याने तेवढाच वेळ घेतला. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात माझा वाटा कुठून सुरू झाला ते यात आहे.

एका जानेवारीत ती घरातल्या सपाता घालून गोठलेल्या तळ्यावरून निएमीकडे चालत निघाली. स्कीवरून जाणाऱ्या एकाने पाहिलं म्हणून वाचली. मग तिला चाळीस किलोमीटरवर तालुक्याच्या गावी, शुश्रूषागृहात ठेवलं. तात्पुरतं. जागा स्वच्छ, माणसं बरी, जेवण वेळेवर. खिडकीतून गाड्या उभ्या करायचं पटांगण दिसतं. रायली रोज दुपारी कोट चढवून दाराशी बसायची, कारण तिला घरी न्यायला येणार होते. ताइस्तो एक दिवसाआड बसने जायचा. तो दिसला की ती अदबीने विचारायची, "तुम्ही निएमीच्या बाजूला चाललात का? वाटेत मला सोडाल?"

दीड वर्षाचा अबोला त्याने मोडला तो माझ्या दारात बूट न काढता उभा राहून. हातात कागद.

"हे वाचून सांगा."

सरकारी भाषा, पण मुद्दा सरळ होता. नवऱ्याची तयारी असेल आणि घर योग्य असेल, तर पत्नीला एका हिवाळ्यापुरतं घरी पाठवून बघता येईल. घरात वीस अंश ऊब, आत पाणी, दिवे, संडास, आणि वॉकर घेऊन सरळ आत जाता येईल असं रुंद, बिनउंबऱ्याचं दार. दुपारी मदतीला बाई येईल. घराची पाहणी नोव्हेंबरच्या मध्यावर. घर नाही असं दिसलं, तर तिथली तात्पुरती जागा कायमची होईल आणि प्रकरण बंद.

"गावातल्या खोल्या चालणार नाहीत?"

"तिथून ती पळणार. तिला तिथे जायचंच नाहीये. तिला निएमीला जायचंय."

"मग नोव्हेंबरपर्यंत निएमीला घर पाहिजे, ताइस्तो. आता फेब्रुवारी आहे."

"घर बांधायला दोन वर्षं लागतात," तो म्हणाला. "डबा पुढच्या महिन्यात येतो."

मला वाटलं, याचंही डोकं गेलं.

भूशिरावर जायची वाट एका गाडीपुरती, दोन्हीकडे झाडं. तिथून लांब डबा वळणार नाही. विजेचा शेवटचा खांब चार किलोमीटर अलीकडे. वाट अशी, म्हणून त्याने मार्च निवडला. तळ्यावरचा बर्फ तेव्हा पाऊण मीटर जाड असतो. उर्पोने, म्हणजे आमच्या गावच्या ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्याने, जुन्या ओंडक्यांच्या गाडीखाली घसरपट्ट्या जोडल्या आणि बारा मीटरचा एक निळा डबा आणि सहा मीटरचा एक तांबडा, असे दोन डबे बर्फावरून ओढत नेले. अख्खं गाव काठावर उभं होतं. ताइस्तो पुढे चालत होता, हात वर करून, जणू धक्क्यावरून क्रेनवाल्याला खुणा करतोय.

"बुडालो तर माझ्या बायकोला सांगा की कुत्र्याला दोनदाच खायला घाल," उर्पो ओरडला.

बुडाला नाही. संध्याकाळच्या आत डबे भूशिराच्या टोकावर दगडी पायांवर बसले, एक मोठा, एक छोटा, कोपऱ्यावर कोपरा अगदी मिलिमीटरात. ते काम त्याला येत होतं. डब्याचे कोपरे त्याच्याइतके कुणाला कळत नसतील.

मग त्याने सौना, म्हणजे तापल्या दगडांच्या वाफेचं न्हाणीघर, बांधला. आमच्याकडे घराआधी सौना बांधतात, त्यात राहतात, आणि मग सवडीने घर बांधतात. त्यात नवल काही नाही. तीन आठवड्यांत उभा केला. तळ्याच्या काठावर, जुन्या धुराड्याला लागून, फळ्यांचा, दोन खोल्यांचा: एक घाम काढायची, एक कपडे काढायची. बाहेरच्या खोलीत त्याने बाक टाकला आणि स्वतः तिथेच राहू लागला.

छोट्या तांबड्या डब्यात बॅटऱ्या, सरपण आणि करवती. त्याच्या छपरावर सौर पट्ट्या. मोठा निळा डबा रायलीसाठी. आणि त्या डब्याला तळ्याकडे तोंड हवं होतं.

इथे माझ्या वर्गाच्या खिडक्या येतात. शाळेची इमारत पाडायला काढली तेव्हा ताइस्तोने पदार्थविज्ञानाच्या वर्गाच्या तीन खिडक्या उतरवून आणल्या. माणसाच्या उंचीच्या, जाड पाइनच्या चौकटी, प्रत्येकीत एक मोठी न उघडणारी काच आणि बाजूला हवेसाठी वीतभर रुंदीची उभी फट. तीस वर्षं त्या काचांतून मी बाहेर बघणाऱ्या मुलांना आत ओढत होते. आता त्यांच्यातून रायली तळं बघणार होती. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

जूनच्या दुसऱ्या शनिवारी त्याने इर्जिक घातली, गावातल्यांना एक दिवस कामाला बोलावलं. आम्ही अकरा जणं गेलो. इर्जिकीचे नियम दोनच. यजमानाने पोटभर खायला घालायचं, आणि यजमान सांगेल ते बाकीच्यांनी करायचं. दुसऱ्याच्या अंगणात उभं राहून 'हे असं नको' म्हणणाऱ्याला पुढच्या खेपेला बोलावत नाहीत. आणि बोलावलं नाही हेही त्याला कुणी सांगत नाही.

ताइस्तोने खडूने डब्याच्या लांब भिंतीवर चौकोन आखला. पाच मीटर रुंद, छपरापासून जमिनीपर्यंत. तीन खिडक्या आणि त्यांना लागून रुंद दार. मग त्याने पत्रा कापायचं यंत्र सुरू केलं.

आता ऐका, हे कळायला शाळेत जावं लागत नाही. काड्यापेटीचं बाहेरचं कवच घ्या. वर बोट दाबा, काही होत नाही. एक उभी बाजू कात्रीने काढून टाका आणि पुन्हा दाबा. डब्याची पन्हळी भिंत म्हणजे नुसता आडोसा नव्हे, तिच्यावर छप्पर उभं असतं. ती कापायची असेल तर आधी आत पोलादी चौकट बसवायची, मग कापायची. अकरा जणांत उर्पो होता, ज्याचा जन्म लोखंड जोडण्यात गेला. मी होते. चौकट कुठेच दिसत नव्हती.

उर्पोने माझ्याकडे पाहिलं. मी उर्पोकडे पाहिलं. ठिणग्या उडत होत्या. शेवटी उर्पो टोपी मागे सारून म्हणाला, "हिवाळ्यात वर बर्फ पडेल, नाही?"

"पडेलच की," ताइस्तो म्हणाला.

"हं. पडतोच."

आमच्याकडे याच्यापुढे कुणी जात नाही. उर्पोच्या मते तो घसा फोडून ओरडला होता.

ताइस्तोलाही थोडं कळलं असावं, कारण त्याने यंत्र बंद करून डब्यावर थाप मारली. "नऊ डबे एकावर एक रचलेत मी. भरलेले. खालचा हूं की चूं करत नाही. बर्फाचं काय घेऊन बसलाय?"

नऊ डब्यांचं वजन चार कोपऱ्यांच्या खांबांतून खाली उतरतं. छपरावर त्यातलं काहीच येत नाही. त्याने आयुष्यभर कोपरेच धरले होते. छपरावर तो कधी उभा राहिला नव्हता. हे वाक्य माझ्या ओठांवर तयार होतं, फळ्यावर लिहिल्यासारखं. आणि मग मला ती रांग आठवली, ते लाल कान, आणि ते दीड वर्ष. मी वाटाण्याच्या सूपचं भांडं ढवळायला गेले.

खिडक्या बसल्या. दार बसलं. सगळ्यांनी मोहरी घालून सूप खाल्लं, राईची भाकरी, वेलदोड्याचा पाव, दोन दोन कप कॉफी. मग पाळीपाळीने सौना. जाताना प्रत्येकाने वळून तो डबा पाहिला आणि प्रत्येक जण म्हणाला, "छान दिसतोय." दिसत होताच.

परतताना मी उर्पोच्या गाडीत होते.

"तू बोलायचं होतंस," मी म्हटलं.

"बोललो की! बर्फाचं बोललो."

"ते बोलणं होतं?"

"तुम्ही शिकवलंय त्याला, बाई. तुम्ही सांगायचं. मी सांगितलं तर म्हणणार, हा ट्रॅक्टरवाला मला डबे शिकवतो."

"त्याने विचारलं असतं तर सांगितलं असतं मी."

"मग झालं तर. विचारेल तेव्हा सांगू."

विचारणार कोण, तर ताइस्तो!

उन्हाळाभर त्याने एकट्याने जे केलं त्याला तोड नाही, हेही सांगितलं पाहिजे. भिंतींना आतून वीतभर लोकर आणि वर बर्चच्या फळ्या. डब्याच्या टोकाची मूळची मालाची दारं कायमची मिटवून त्यांच्यावरही लोकर आणि फळ्या, कारण वारा तिथूनच येतो. मधोमध साबणदगडाची शेगडी, पुढून झाकण असलेली, एकदा पेटवली की दिवसभर ऊब धरणारी. तळ्यातून नळीने पाणी, हातपंपाने टाकीत, टाकीतून नळाला. लाकडी भुसा टाकायचा संडास, त्याला वास म्हणून नाही. दारापर्यंत उतरण, वॉकरसाठी. आणि खिडकीपाशी रायलीच्या आईच्या खुर्चीसारखी खुर्ची, स्वतः केलेली, कारण मूळची जळाली होती. हे सगळं करून तो स्वतः सौन्यातच झोपत राहिला. निळ्या डब्यात तिच्याआधी झोपायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. छपरावर पुढे उतरतं लाकडी छप्पर चढवायचं होतं. ते तेवढं राहिलं.

त्या वर्षी बर्फ ऑक्टोबरच्या शेवटीच आला आणि टिकला. नोव्हेंबरात आमच्याकडे सूर्य नुसता हजेरी लावून जातो. सौर पट्ट्या झोपल्या, बॅटऱ्या तो उर्पोकडे नेऊन भरून आणू लागला. काळजी एकच, वीस अंश. म्हणून छपरावरचा बर्फ त्याने काढला नाही. आम्ही सगळेच असं करतो. भिंतीशी बर्फ लोटतो, छपरावर राहू देतो. बर्फासारखी रजई नाही आणि ती फुकट मिळते. पण ते लाकडी, उतरत्या छपराच्या घरात.

पाहणी सोमवारी होती. आधीच्या मंगळवारी मी पडदे घेऊन गेले. दाराखाली लाकडाच्या ताज्या ढलप्या पडल्या होत्या.

"दार फुगलंय ओलीनं," ताइस्तो म्हणाला. "रंधा मारला वरून."

गुरुवारी उशा घेऊन गेले. पुन्हा ढलप्या. या खेपेला मी दाराच्या वरच्या कडेकडे पाहिलं. एका बाजूला जास्त तासलं होतं, दुसऱ्या बाजूला कमी. ओलीने फुगणारं लाकूड असं फुगत नाही. दार वर येत नव्हतं, छप्पर खाली येत होतं.

"छपरावरचा बर्फ काढ रे," मी म्हटलं.

"सोमवारी त्या बाई येऊन गेल्या की काढतो. आत बघा ना, बाई, एकवीस अंश आहे!"

तो हसत होता. त्याला हसताना मी शाळेतही पाहिलं नव्हतं. 'का काढ' ते सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी उशांना अभ्रे घातले.

सोमवारी पहाटेपासून ओला, जड बर्फ पडत होता. रायली तिथे कशी वावरते तेही पाहणीत बघायचं होतं, म्हणून दहा वाजता शुश्रूषागृहाची गाडी तिला सोडून गेली. कोट, टोपी, वॉकर. ताइस्तोने तिला उतरणीवरून हळूहळू वर नेलं. दार त्याने दोन्ही हातांनी ओढून उघडलं. मी शेगडीपाशी कॉफी ठेवत होते. रायली खुर्चीत बसली आणि तळ्याकडे पाहत राहिली. काठाशी पाणी गोठलेलं, मध्ये अजून काळं. मग ती म्हणाली,

"होड्या वर ओढल्यात का?"

ताइस्तो माझ्याकडे पाहू लागला, हे मीच म्हटलं की काय म्हणून. "ओढल्या," तो म्हणाला. "सगळ्या ओढल्या."

"बरं केलंत. बाबा रागावले असते."

दोन वर्षांत जागेवरचं, वेळेवरचं असं हे पहिलं वाक्य ती बोलली होती.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तपासणीच्या बाई, हेइनी नावाच्या, त्यांची गाडी खालच्या वळणावर बर्फात रुतली होती. "तुम्ही हिच्यापाशी थांबा," ताइस्तो मला म्हणाला आणि फावडं घेऊन धावला. मी थांबले. पण खिडकीतून मला उतरण दिसत होती, बर्फाने पुन्हा भरलेली, आणि त्या बाई आल्या की पहिलं पाऊल त्यांचं तिथेच पडणार. मला गप्प बसवत नाही. झाडू घेतला, बाहेर आले, आणि ऊब जाऊ नये म्हणून दार पाठीमागे ओढून घेतलं. जोर लावून ओढावं लागलं. डोक्यावर कुठे तरी एक आवाज झाला, तळ्यावरचा बर्फ वजन घेताना करतो तसा, खोल, लांबलेला.

मी तिथेच वळून दार ओढून पाहिलं. हललं नाही.

ताइस्तो आणि हेइनी वर आले तेव्हा मी दोन्ही हातांनी मूठ धरून उभी होते. हेइनी तिशीतली, गोड मुलगी, नाकावर बर्फ. "किती सुंदर जागा!" ती म्हणाली. ताइस्तोने मला बाजूला केलं, पाय भिंतीला लावला आणि ओढलं. मूठ त्याच्या हातात आली.

"दुसरं दार असेल ना?" हेइनीने विचारलं.

"आहे. म्हणजे होतं." त्याने टोकाकडे पाहिलं. "आतून बंद केलंय. फळ्या ठोकल्यात."

"आणि खिडक्या?"

खिडक्यांची हवेची फट वीतभर. माझ्या वर्गातली बारकी मुलंसुद्धा तिच्यातून निसटू शकली नव्हती.

आत रायली उठली होती. आम्ही तिघं काचेशी उभे. ती सावकाश शेगडीपाशी गेली, शेगडीचं झाकण तिने उघडलं, आणि घरात आहे म्हणून गृहिणी करते तसं सरपण टाकलं. एक, दोन, तीन ओंडके. तिसरा अर्धा बाहेरच राहिला. त्याच्या टोकाशी ज्योत चालत आली. तिने झाकण लावलं नाही. ती खिडकीकडे वळली.

"रायली! झाकण! झाकण लाव!" ताइस्तोने काच बडवली.

तिने हसून हात हलवला. होडीतून लांबून जाणाऱ्या अनोळखी माणसाला काठावरून हलवतात तसा.

"रायली, मी आहे!"

तिने पुन्हा हलवला.

ओंडका घसरला आणि शेगडीपुढच्या पत्र्यावर पडला. पत्रा हातभर रुंद. त्याच्यापुढे बर्चच्या फळ्या आणि माझे पडदे. हेइनी फोनवर अग्निशमनवाल्यांना पत्ता सांगत होती. ते तालुक्याहून यायचे, चाळीस किलोमीटर. ताइस्तो सरपणातली कुऱ्हाड घेऊन आला आणि कुऱ्हाड हातात धरून उभाच राहिला. दार तोडावं, की खिडकी, की काय. त्याचं तोंड अगदी नववीतल्यासारखं झालं होतं, अर्ध्या पेपरावर थांबलेलं.

"काय करू, बाई?"

पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्याने मला प्रश्न विचारला.

"मधली काच फोड," मी म्हटलं. "नुसती काच. चौकटीला हात लावू नकोस, छप्पर तिच्यावर उभं आहे. दाराला तर मुळीच नको."

उत्तर फटकन आलं, तयार असलेलं येतं तसं. त्याने माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच, पण मला ते पाहणं अजून जसंच्या तसं आठवतं. मग त्याने काच फोडली.

बर्फ फेकून ओंडका विझवला, रायलीला घोंगडीत गुंडाळून काचेच्या जागेतून बाहेर काढली. तिच्या केसांत काचेचे कण होते आणि ती म्हणत होती, "अहो, एवढी घाई कसली?" डब्यातली ऊब आमच्या डोळ्यांसमोर वाफ होऊन तळ्याकडे निघाली. तिला न्यायला जागा एकच होती. सौना सकाळी पेटवलेला होता, संध्याकाळी तिला न्हाऊ घालायला.

बाहेरच्या खोलीत मी तिचे केस विंचरले. आतून गरम दगडांचा, बर्चच्या पानांचा वास आला तशी रायली उठली. कुणी काही सांगायच्या आत तिने कपडे काढले, घडी करून बाकावर ठेवले, आत जाऊन वरच्या पायरीवर बसली, बादलीतली पळी उचलली आणि दगडांवर पाणी टाकलं. बरोबर तेवढंच, बरोबर त्या जागी. वाफ वर गेली. तिने डोळे मिटून मान खाली घातली आणि म्हणाली, "ताइस्तो, पाठ घास."

ताइस्तो दारात उभा होता. त्याच्या नावाने तिने त्याला हाक मारून सव्वा वर्ष झालं होतं. तो आत गेला. मी दार लोटून घेतलं. ते दार सहज लागलं आणि सहज उघडत होतं.

हेइनी बाकावर कोट घालून बसली होती, वही मांडीवर, मिटलेली. डोळे पुसत होती.

"तू ऐकलंस ना?" मी म्हटलं. "हिला इथे कळतंय सगळं. इथे ऊब आहे, पाणी आहे. हे लिही."

"सौना निवासी जागा म्हणून लिहिता येत नाही हो."

"मग काय लिहिणार?"

"जे पाहिलं ते. एकटी आत अडकली, आग, दुसरं दार नाही." तिचा आवाज बसला. "मी नाही लिहिलं आणि पुन्हा असं झालं, तर?"

तिच्यावर रागवायला मी फार शोधलं. सापडलं नाही काही.

पत्र दोन आठवड्यांनी आलं. जागा कायमची, प्रकरण बंद. पत्र येण्याआधीच्याच शनिवारी उर्पो आणि इतर सहा जण न बोलावता भूशिरावर गेले होते. छपरावरचा बर्फ काढला, आतून पोलादी खांब लावले, वर आडवी तुळई घातली. जूनमध्ये जे काम दोन तासांचं होतं ते बारा तासांत केलं. आता त्या डब्यावर हत्ती चढवा. ताइस्तोने त्यांना सूप वाढलं. "छान दिसतोय," उर्पो जाताना म्हणाला, आणि गाडीत बसल्यावर त्याने स्वतःला एक शिवी दिली. मी शेजारी बसले होते, ऐकली.

दुसऱ्या पाहणीसाठी मी अर्ज लिहिला. मग आणखी एक, वरच्या कचेरीला. मला अर्ज लिहिता येतात. उत्तरं सभ्य येतात.

ताइस्तो माझ्याकडे आला तो नाताळाच्या आधी, या वेळी बूट काढून. कॉफीचा पहिला कप संपेपर्यंत बसला.

"तुम्हाला जूनमध्येच माहीत होतं."

"हो."

"उर्पोलाही?"

"हो. त्यालाही."

"का नाही बोललात?"

"तू विचारलं नाहीस."

"तुम्ही तर न विचारता बोलायचात, बाई." रागाने नाही म्हणाला. हिशेब जुळत नाही तेव्हा मुलं म्हणतात तसं म्हणाला. "अख्ख्या गावात तुम्हीच तर बोलायचात."

मी दुसरा कप ओतला. दुकानातली ती रांग त्याला आठवत होती की नाही, मी विचारलं नाही. आठवत असती तर मला सूट मिळाली असती, आणि ती मला नको होती.

आता दर शनिवारी, दिवसा, दोन माणसं बरोबर असतील तर रायलीला चार तास बाहेर न्यायची परवानगी आहे. दुसरं माणूस मी. उर्पो गाडी चालवतो आणि सौन्याच्या बाहेर बसून माझ्या अर्जांतल्या चुका काढतो, ज्यात चुका नसतात. ताइस्तो पहाटेपासून दगड तापवून ठेवतो. रायली येते, कपड्यांची घडी घालते, पळी उचलते. कधी त्याला नावाने हाक मारते, कधी नाही. मग ओल्या केसांवर टोपी घालून बाहेरच्या बाकावर बसते आणि तळ्याकडे पाहते. नजरेच्या वाटेत तो निळा डबा येतो. मधल्या खिडकीला अजून काच नाही. ताइस्तोने फळी ठोकलीय.

"हा डबा कुणाचा?" ती विचारते. दर शनिवारी.

"कुणी तरी ठेवलाय," ताइस्तो म्हणतो. "नेतील."

"लवकर न्यायला सांगा," ती म्हणते. "घर बांधायचंय ना आपल्याला इथे."